भिजवलेलं गवत

पिस्ता उभी आहे,
वडाळा नाक्यामागच्या शेडमध्ये.
धावून आलेली नाही कुठून,
तरी नाकपुड्या वाटीच्या तोंडाएवढ्या.
श्वास आत जातो तसा सहज.
बाहेर काढताना दोनदा ढकलावा लागतो,
एकदा छातीनं,
मग उरलासुरला पोटानं.
त्या दुसऱ्या ढकलण्याची रेघ पडली आहे
तिच्या कुशीवर, बरगड्यांच्या कडेनं, तिरकी.
दादा त्या रेघेला ताकद म्हणायचे.
गिऱ्हाइकाला हात लावून दाखवायचे,
बघा, कशी कमावलीय.

गिऱ्हाईक म्हणजे नवरदेवाचा मामा.
गंगापूर रोडच्या लॉनवर, रात्री नऊला,
जरीची झूल, कपाळावर आरसे,
पुढे बँजो, मागे जनरेटरचा टेम्पो,
माळ सुटली फटाक्यांची
की पिस्ता मान खाली घालून खोकायची.
नवरदेव फेटा धरायचा.
वऱ्हाड हसायचं.

दादांनी काय केलं नाही तिचं?
डिसेंबरात निफाडकडून गारठा आला,
द्राक्षवाले बागांत शेकोट्या पेटवून जागत बसले,
त्या आठवड्यात दादांनी शेडच्या दोन्ही खिडक्या
गोणपाट लावून दाभणानं शिवून टाकल्या.
माळ्यावर वाळलं गवत ठासून भरलं.
रोज रात्री ओव्याची धुरी,
तळहातावर गूळ-आलं.
मला तापात इतकं कुणी जपलेलं आठवत नाही.
(तक्रार नाही. नोंद आहे.)

शिरोडे मॅडम स्कूटीवर आल्या.
नाकातून लांब नळी सरकवली,
पाणी सोडलं, पाणी ओढलं,
सिरिंजमध्ये फेस, भांडी घासल्यासारखा.
मी बीएस्सीला आहे म्हणून
तिसऱ्या दिवशी मला बोलावून काचपट्टी दाखवली.
जांभळ्या पेशी,
पोटात गाठी मारलेली केंद्रं,
शंभरात साठ.
पाचाच्या आत हव्या होत्या.
फौज आहे ही, मॅडम म्हणाल्या,
उतरली आहे, आणि परत जायचं विसरलीय.
कशासाठी उतरली?
गवतातल्या बुरशीची धूळ.
कोंडलेल्या मुताची वाफ.
ओव्याचा धूर.
मॅडम बोटं मोडत होत्या
आणि मला पुढचं बोट माहीत होतं.

घरी येताना नासर्डीच्या पुलावर
सायकल धरून उभी राहिले बराच वेळ.
खिडक्या हा शब्द
दादांसमोर कसा उच्चारायचा?

उच्चारला.
ते काही बोलले नाहीत.
दाभण शोधलं. सापडलं नाही.
मग दातांनी टाके तोडत बसले,
एकेक, आपणच घातलेले,
गोणपाटाचे धागे मिशीत.
शेवटी विचारलं, बरी होईल?
बरी नाही, दादा. सांभाळायची.

आता पहाटे चारला अर्ध्या पिंपात
गवत भिजत घालते मी.
हात कोपरापर्यंत बधिर होतात.
तेलाचा पाच लिटरचा कॅन कापून
पिस्तासाठी तोंडावरचा मास्क केलाय,
कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
पंप दाबायचा, श्वासाची वाट पाहायची,
पुन्हा दाबायचा.
एक पंप म्हणजे एक वरात,
असा दादांचा हिशेब.
आणि वराती बंद आहेत.
फोन आला की सांगतात,
घोडी माहेरी गेलीय.
केव्हा येणार?
बघू, तिच्या आईवर आहे.

दुपारी तिला तपोवनाकडं नेतात, मोकळ्यावर.
कुशीवर नजर ठेवून
बोटांच्या पेरांवर श्वास मोजतात.
मिनिटाला अठ्ठावीस होते.
काल एकोणीस.
ते मला एकोणीस असं सांगतात
जसं कुणी मुलीचे मार्क सांगावेत.

पण काल रात्री खोकला ऐकू आला.
मी चप्पल न घालता शेडकडं धावले.
पिस्ता शांत, ओठांवर ओलं गवत,
उघड्या खिडकीतून गार वारा सरळ तिच्या आयाळीत.
खोकला माझ्या मागून आला होता,
घरातून.

चाळीस वर्षं तीच शेड,
तेच गवत झोडपणं, तीच धुरी.
दादा उशीला टेकून बसले होते.
झोप, म्हणाले,
आणि ते दोन शब्दांत म्हणाले,
झो, आणि मग, ढकलून, प.
मी चादरीवरून त्यांच्या कुशीकडं पाहिलं.
अंधार होता.
रेघ आहे की नाही
नीट दिसलं नाही.